कठड्याने कसे मोडावे?

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाच्या अंगी असला तर आपण त्याचे कौतुक करतो, आणि सार्वजनिक बांधकामांच्या बाबतीतही आपली लोकरुची नकळत याच बाण्याच्या पारड्यात वजन टाकीत आली आहे. जी भिंत हलत नाही ती चांगली, जो खांब झुकत नाही तो पक्का, आणि मालमोटार आदळूनही ज्या कठड्याला पोचा पडत नाही त्याच्या कंत्राटदाराने काम चोख केले, अशी आपली एक सरळसोट आणि दुर्दैवाने अर्धवट समजूत आहे. घराच्या भिंतीला आणि धरणाच्या बांधाला हा न्याय लागू पडतो. परंतु भरधाव वाहनाच्या वाटेत उभ्या असलेल्या वस्तूला तो लावला की परिणाम विपरीत होतो, कारण जी वस्तू स्वतः वाकत नाही ती आपल्या वाट्याचे वाकणे समोरच्याच्या माथी मारते, आणि हा समोरचा म्हणजे पत्र्याची मोटार व तिच्या आत बसलेली हाडामांसाची माणसे होत.

हा मुद्दा आज मांडण्याचे कारण आपल्याच राज्यात घडलेला एक प्रयोग आहे. मार्च २०२३ मध्ये विदर्भातील वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा उभारण्यात आला, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी तो या जातीचा जगातील पहिलाच कठडा असल्याचे जाहीर केले. त्यास ‘बाहु बल्ली’ असे भारदस्त नाव देण्यात आले. बाल्कोआ जातीचा बांबू घ्यावयाचा, त्यात क्रिओसोट तेल मुरवावयाचे आणि त्यावर टाकाऊ प्लास्टिकापासून पुन्हा बनविलेल्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे वेष्टण चढवावयाचे, अशी त्याची घडण आहे. पीथमपूर येथील राष्ट्रीय वाहन-चाचणी केंद्रात त्याची परीक्षा झाली, रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आगीच्या कसोटीत त्यास पहिला वर्ग दिला आणि इंडियन रोड्स काँग्रेसची मान्यताही मिळाली, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. यावर एका बाजूने स्वदेशीच्या अभिमानाचे भरते आले, तर दुसऱ्या बाजूने ‘लोखंड गेले आणि काठी आली’ अशी थट्टा झाली. माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच उथळ आहेत, कारण पदार्थ देशी की विदेशी, मऊ की कठीण, हा येथे प्रश्नच नाही. तो कोणत्या रीतीने मोडतो, आणि मोडताना माणसाला किती अवधी मिळवून देतो, एवढाच प्रश्न आहे.

या अवधीचा हिशेब शाळकरी गणिताने मांडता येतो. ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने धावणारी मोटार अर्ध्या मीटरात थांबली, तर आतील माणसाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे ४० पट जोर येतो. तीच मोटार ५ मीटरांत थांबली, तर तो जोर ४ पटींवर उतरतो. गाडी तीच, वेग तोच, माणूसही तोच. फरक फक्त साडेचार मीटरांचा, आणि तेवढ्यात मरण व मुका मार यांतील सारे अंतर सामावलेले आहे. क्रिकेटमधील कसलेला क्षेत्ररक्षक जोरकस झेल घेताना आपले हात चेंडूबरोबर मागे नेतो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. मोटारींच्या कारखानदारीने ते फार पूर्वी मान्य केले. मर्सिडीज-बेंझ कंपनीचा अभियंता बेला बारेनी याने १९५१ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटासाठी अर्ज केला, तिच्यात उतारूंचा कक्ष कणखर आणि गाडीचे नाक व शेपूट मुद्दाम चुरगळणारे ठेवण्याची कल्पना होती. १९५९ पासून ती विक्रीच्या गाड्यांत प्रत्यक्ष उतरली. गाडीने चुरगळावे हे आपण स्वीकारले. रस्त्यानेही चुरगळावे, हे स्वीकारणे मात्र आपल्याला अजून जड जाते.

कठड्याचे काम गाडी जागच्या जागी थांबविण्याचे नसून तिला हळूहळू वळवून पुन्हा रस्त्याच्या दिशेला लावण्याचे असते. युरोपातील एका प्रचलित चाचणीत दीड हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने २० अंशांच्या कोनात कठड्यावर सोडतात. त्या मोटारीत सुमारे ७०० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. परंतु ती तिरकी येत असल्यामुळे कठड्याच्या दिशेने जाणारा ऊर्जेचा भाग सुमारे ८२ किलोज्यूल, म्हणजे एकूण ऊर्जेच्या अष्टमांशाहूनही कमीच भरतो. हा अष्टमांश सोसून घ्यावयाचा आणि उरलेल्या ऊर्जेनिशी गाडीला सुखरूप पुढे जाऊ द्यावयाचे, हीच कठड्याची कामगिरी. त्यासाठी त्याच्या पट्टीने दोरासारखा ताण सहन केला पाहिजे, खांबांनी ठरलेल्या जोराला मान तुकविली पाहिजे, आणि गाडीचे चाक खांबात अडकता कामा नये.

या शेवटच्या अटीसाठीच पट्टी व खांब यांच्यामध्ये एक ठोकळा बसवितात. अमेरिकेत हा ठोकळा वर्षानुवर्षे लाकडाचा असे. पुढे टाकाऊ प्लास्टिकाचे आणि प्लास्टिक व लाकूड यांच्या मिश्रणाचे ठोकळे त्याच्या जोडीला आले, आणि चाचण्यांत उतरले म्हणून रस्त्यावरही आले. तेथील काही कठड्यांच्या लाकडी खांबांना जमिनीलगत एक आणि जमिनीखाली एक अशी दोन भोके मुद्दाम पाडलेली असतात, हेतू हा की तो खांब नेमक्या त्याच जागी, नेमक्या तेवढ्याच धक्क्याने मोडावा. अभियंता स्वतःच्या हाताने आपल्या खांबाला दुबळे करतो, ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. पण सुरक्षिततेच्या शास्त्राचे मर्म याच भोकांत आहे.

लाकूड या कामाला योग्य का, याचे उत्तर त्याच्या अंतर्रचनेत सापडते. लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींच्या असंख्य नळ्यांची जुडी. ती तंतूंच्या दिशेने दाबली, की या नळ्या एकामागून एक मुडपतात व चुरडतात, आणि प्रत्येक नळी मोडताना धक्क्याचा थोडा अंश गिळून टाकते. म्हणूनच १९६२ मध्ये अमेरिकेने ‘रेंजर’ मालिकेतील ज्या यानांतून चंद्रावर एक लहानशी उपकरणपेटी आदळत उतरविण्याचा बेत केला होता, त्या पेटीभोवती बाल्सा लाकडाचे कवच घातले होते. त्या मोहिमा अन्य कारणांनी फसल्या, पण कवचाची निवड अभियंत्यांनी भावनेच्या भरात केलेली नव्हती. आण्विक भट्ट्यांतील वापरलेले इंधन ज्या अवजड पोलादी पात्रांतून वाहून नेतात, त्या पात्रांच्या दोन्ही टोकांना धक्का शोषणारी टोपणे बसवितात, आणि त्यांतही बाल्सा, रेडवूड किंवा स्प्रूस अशी लाकडे भरलेली असतात. जेथे चुकीला क्षमा नाही अशा ठिकाणी आधुनिक तंत्रज्ञ लाकडावर विसंबतो, ही गोष्ट ‘लोखंड गेले आणि काठी आली’ म्हणून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

तथापि लाकडाचे दोषही उघड आहेत. ते पाणी पिते, फुगते, कुजते; त्याला वाळवी लागते; एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा गुण सारखा नसतो, आणि एखाद्या गाठीपाशी ते अवचित दगा देते. प्लास्टिकाला ना पाण्याचे भय ना वाळवीचे. परंतु उन्हात ते नरम पडते, सतत भाराखाली राहिले तर सावकाश ओघळते, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर ठिसूळ होतो. दोघांनी एकमेकांचे दोष झाकावेत, हा या संमिश्र पदार्थांमागील हेतू आहे. पण दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे केवळ गुणांचीच बेरीज होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लाकूड पाण्याकडे ओढ घेणारे आणि पॉलिएथिलीन पाण्याला दूर लोटणारे, त्यामुळे दोघांना बांधून ठेवणारे तिसरे रसायन मध्ये घातल्याखेरीज त्यांचा संसार टिकत नाही. शिवाय लाकडाचा बारीक भुसा पॉलिएथिलीनमध्ये मिसळला तर माल अधिक ताठ होतो खरा, पण धक्क्याला अधिक ठिसूळही होतो. उलट लिओ बेकलंड याने १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट मुळात ठिसूळ, त्यात हाच भुसा घातला की ते चिवट बनते. एकच भुसा एका ठिकाणी तारतो आणि दुसऱ्या ठिकाणी मारतो. तेव्हा ‘लाकूड-प्लास्टिक’ या ढोबळ नावाखाली बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू धक्का शोषील, असे गृहीत धरून निविदा काढणारा अधिकारी लोकांच्या जिवाशी खेळ करील.

बाहु बल्लीचे वेगळेपण येथे दिसते. तिच्यात बांबूचा भुसा केलेला नाही. त्याचे लांब, अखंड तंतू जसेच्या तसे ठेवून त्यांवर प्लास्टिकाचे वेष्टण चढविले आहे. बांबूच्या पेराचा काप हातात घेऊन पाहिला, तर बाहेरच्या सालीकडे तंतूंचे काळसर ठिपके दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ होत गेलेले साध्या डोळ्यांनाही दिसतात. वाऱ्याने वाकताना जेथे ताण सर्वांत जास्त पडतो, तेथेच निसर्गाने बळ साठविलेले आहे. हे तंतू अखंड ठेवून वापरण्याची बाहु बल्लीमागील कल्पना मूलतः शहाणपणाची आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. परंतु कल्पनेचे शहाणपण आणि कठड्याची लायकी या दोन भिन्न बाबी असून, दुसरीविषयी काही प्रश्न जाहीरपणे विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे.

पहिला प्रश्न असा, की हा कठडा नेमके कोणते वाहन अडविण्यासाठी आहे? दीड हजार किलोग्रॅमच्या मोटारीसाठी ८२ किलोज्यूल पुरतात; पण युरोपीय चाचणीतील १३ टनांची बस ताशी ७० किलोमीटर वेगाने त्याच कोनात आली, तर कठड्यावर सुमारे २८७ किलोज्यूलचा भार पडतो, म्हणजे साडेतीन पट. वणी हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील रस्त्यांवरून कोळशाने भरलेले ट्रक अहोरात्र धावतात. पोलादाचा साधा दुपदरी पट्टीचा कठडाही असल्या ट्रकापुढे टिकत नाही, म्हणून हा दोष एकट्या बांबूचा नव्हे. पण ‘चाचणीत उत्तीर्ण’ एवढेच सांगून कोणत्या वाहनाने, कोणत्या वेगाने व कोणत्या कोनात ते सांगावयाचे नाही, हा शिरस्ता मोडला पाहिजे.

दुसरा प्रश्न काळाचा. चाचणी नव्या कोऱ्या मालाची होते, अपघात मात्र जुन्या झालेल्या कठड्यावर होतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांची मजल गाठतो, आणि भर दुपारी उन्हात तापलेल्या प्लास्टिकाचे तापमान हवेपेक्षा कितीतरी चढते. त्यामागून पावसाळा येतो, आणि जोडाच्या बोल्टाशी वेष्टणाला बारीकशी चीर गेली असेल तर पाणी तेथूनच आत शिरते. बांबू कुजू लागला तरी वरचे चकचकीत वेष्टण ते दिसू देणार नाही. लोखंडाचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. येथे रोग झाकलेला राहील. बांबूचे तुकडे जेथे परस्परांस जोडले जातात, तेथून ताण कसा पार होतो, हाही तितकाच नाजूक मुद्दा आहे. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील रस्त्यांवर लाकडी कठडे सर्रास दिसतात. पण त्यांच्या पाठीशी पोलादाची पट्टी असते. दर्शनी भाग लाकडाचा, ताण पोलादाकडे, अशी ही कामाची वाटणी आहे, आणि आपल्या प्रयोगानेही गरज पडल्यास तिचा अवलंब करण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. बांबूच्या कठड्याचे पुनर्वापरमूल्य ५० ते ७० टक्के आणि पोलादाच्या कठड्याचे ३० ते ५० टक्के, असे सरकारने सांगितले. पोलाद वितळवून पुन्हा पुन्हा ओतता येते, हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक आहे. उलट कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या आणि आरोग्यास अपायकारक असलेल्या क्रिओसोटने माखलेल्या बांबूचे पुढे काय करावयाचे, हे सहज सुटणारे कोडे नव्हे. तेव्हा हे आकडे कशाचे व कसे काढले, त्याचा खुलासा व्हावा. बांबूच्या बाजूने सांगण्यासारखे याहून बळकट मुद्दे आहेत. रस्त्याकडेचे पोलाद रातोरात भंगाराच्या दुकानात पोहोचते, हा आपला नित्याचा अनुभव. प्लास्टिकात गुंडाळलेल्या बांबूला भंगारवाला कोण विचारणार? शिवाय विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील माणसाचा बांबूशी संबंध केवळ भावनेचा नाही. १९२७ च्या वन कायद्याने या गवताला झाडाच्या यादीत घातल्यामुळे ते तोडण्यास व वाहून नेण्यास जंगलखात्याचा परवाना लागे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने दीर्घ झगडा करून २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपल्या ग्रामसभेच्या हाती आणले, आणि २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. या कष्टाने मोकळ्या झालेल्या मालाला महामार्गासारखे मोठे गिऱ्हाईक मिळाले, तर ते कोणास नको आहे? मात्र त्यासाठी तेथील शेतकऱ्याने पिकविलेला बांबू खरोखर घेतला जावा. गिऱ्हाईकपण एखाद्या दूरच्या मक्तेदाराच्या पदरी पडून चालणार नाही.

आता ज्यांच्यासाठी ही सारी उठाठेव, त्या माणसांकडे वळू. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. मोटारीला वाचविणारा पोलादी कठडा रस्त्यावर घसरत येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाचवीत नाही. पट्टीची खालची कड आणि उघडे खांब त्याच्या देहावर सुऱ्यासारखे चालतात. स्पेनने ही गोष्ट ओळखून कठड्यावर मानवाकृती पुतळा घसरवीत सोडण्याची स्वतंत्र चाचणी ठरविली. लाकूड व प्लास्टिक यांच्या संमिश्र पदार्थाला खरा वाव मला येथे दिसतो: रुंद, गोलसर कडांचे, खांब झाकणारे आणि थोडे दबणारे आवरण. आपल्याकडे मरणारे बहुसंख्य लोक मोटारीच्या कक्षाबाहेरचे असताना केवळ मोटारीच्या मापाने कठडे मापणे, हे परक्याच्या जोड्यांत आपला पाय कोंबण्यासारखे आहे.

याखेरीज, पदार्थाच्या वादात एक बिनपैशाचे सत्य विसरले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा बळी घेणाऱ्या अपघातात गाडी जेथे आदळली, ते पुलाच्या कठड्याचे काँक्रीटचे टोक होते. टोके आणि सांधे हीच कठड्यांची मर्मस्थाने. कोणत्याही राज्य महामार्गाच्या कडेने चालत जाऊन पाहावे: एका खांबाचा बोल्ट गायब, दुसऱ्याचा ठोकळा निखळलेला, गेल्या वर्षीच्या धडकेत पिळवटलेली पट्टी तशीच लोंबणारी, आणि डांबराचे थरावर थर चढत गेल्यामुळे रस्ता उंच व कठडा इतका बुटका झालेला, की गाडीला अडविण्याऐवजी तो तिला उलटविण्यासच हातभार लावील. जे खाते पोलादी कठड्याचा बोल्ट पाहावयास फिरकत नाही, ते बांबूच्या वेष्टणातील चीर शोधावयास भिंग घेऊन जाईल, अशी आशा कोणत्या आधारावर करावी?

म्हणून माझे म्हणणे असे, की या प्रयोगाला विरोध नको आणि जयजयकारही नको. त्यास कसोटी हवी. कंत्राटात कठडा पोलादाचा की बांबूचा, अमुक जाडीचा की तमुक जाडीचा, हे न लिहिता, तो कोणत्या वजनाचे वाहन, कोणत्या वेगाला व कोनाला, किती सरकून वळवील आणि आतील माणसावर किती जोर येऊ देईल, हे कलम लिहावे. मग ते पार पाडणारा पदार्थ कोणताही असो. चाचणीचा संपूर्ण अहवाल लोकांपुढे ठेवावा, आणि रस्त्यावर काही पावसाळे काढलेले तुकडे उपटून आणून त्यांची पुन्हा परीक्षा घ्यावी. धडक बसलेला कठडा ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर असावी आणि मुदत चुकल्यास दंडाची तजवीज असावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. खात्याच्या एका परिपत्रकाने हे सर्व होऊ शकेल. त्या २०० मीटरांसाठी एक नोंदवही तातडीने उघडावी, आणि तीत कोणते वाहन केव्हा धडकले, कठडा किती सरकला, बांबू कोठे तुटला व वाहनातील माणसांचे काय झाले, हे प्रत्येक वेळी लिहावे. अशा नोंदी नियमाने ठेवल्या गेल्या, तर पुढील २०० किलोमीटर बांबूचे असावेत की नसावेत, याचा निर्णय मंत्र्यांच्या उत्साहावर किंवा टीकाकारांच्या थट्टेवर सोपविण्याचे कारण उरणार नाही.